दादाचे दोन शब्द

१२ फेब्रुवारी

चिमे,

फोन करत जाऊ नकोस. रागावण्याआधी पुढचं वाच. परवा तुझा फोन आला तेव्हा मी नेहमीसारखा ह्यांच्या कानाला लावला. तू तिकडून ‘दादा, दादा’ करत होतीस आणि हे नुसते ओठ हलवत होते. शब्द काही येईना. मग डाव्या हाताने फोन माझ्या अंगावर ढकलला आणि भिंतीकडे तोंड केलं, ते संध्याकाळपर्यंत वळले नाहीत. तेव्हापासून नुसती घंटी वाजली तरी कपाळाला आठ्या पडतात. तेव्हा आपलं पत्रच बरं. पत्राला उत्तर लगेच द्यावं लागत नाही.

हॉस्पिटलातून घरी आणलं त्याला आठवडा होईल. अर्धांगाच्या झटक्याने उजवा हात, उजवा पाय जे परके झाले ते अजून परकेच आहेत. पण काठी आणि माझा खांदा मिळून खिडकीजवळच्या खुर्चीपर्यंत येतात. डोकं शाबूत आहे. दुधात साखर विसरले तर कप परत करतात. बोलणं मात्र गेलं. जन्मभर कोर्टात बसून दुसऱ्यांचं बोलणं टिपून घेतलं, जजसाहेबांनी श्वास घेतला तरी ह्यांच्या शॉर्टहँडमध्ये उतरायचा, आणि आता साधं ‘हो’ येत नाही.

एक तेवढं येतं. सारखं तेच. ‘फायटिंग चान्स.’ पाणी हवं, फायटिंग चान्स. पंखा बंद कर, फायटिंग चान्स. मी चिडले की त्याच्यावरही तेच.

तुला माहीत आहे, कोर्टातलं इंग्रजी हे चपलांबरोबर दाराबाहेर काढून यायचे. घरात कधी ‘थँक्यू’सुद्धा नाही. माझं इंग्रजी म्हणजे शिवायला येणाऱ्या पडद्यांच्या मापांपुरतं. चान्स मला कळतो. फायटिंगही कळते, सिनेमात असते ती. पहिल्या दिवशी वाटलं, मला म्हणताहेत, भांडायचा चान्स सोडत नाहीस. मी म्हटलं, आजारी माणसाने तरी खोटे आरोप करू नयेत.

दोन्ही शब्द जोडले की काय होतं, ते तू सांग. तू त्या भाषेच्या घरात राहतेस.

हे पत्र टाकायच्या आधी त्यांना वाचून दाखवलं. आता तशी पद्धतच पडणार दिसतेय. लिहिलेलं वाचून दाखवल्याशिवाय पाकीट बंद करू दिलं नाही, कोर्ट मुरलंय ना अंगात. भांडायच्या चान्सला डाव्या बाजूने हसले.

तुझी
वहिनी


२६ फेब्रुवारी

वहिनी,

फोन करणार नाही. पण पत्र महिन्याला एक तरी टाकायचं, तेवढं कबूल कर.

अगं, तो भांडत नाहीये, तुला धीर देतोय! ‘फायटिंग चान्स’ म्हणजे लढणाऱ्याची जीत. माणूस नेटाने उभा राहिला की जिंकतोच, असं. फार चांगला शब्द आहे. तो बरा होणार, नक्की होणार, हे तो स्वतःच सांगतोय आणि तू त्याच्यावर डाफरतेस. तुमचं लग्न झाल्यापासून हेच बघत आले मी.

वाक्यात घालायचा तर आधी ‘हॅव’ लागतं. आय हॅव अ फायटिंग चान्स. दादाबद्दल म्हणायचं तर ‘ही हॅज’. आणि प्रश्न विचारायचा तर सुरुवातीला ‘डझ’ येतं, आणि मग त्या ‘हॅज’चं परत ‘हॅव’ होतं. का, ते दादाला विचार. त्यानेच मला पाठ करायला लावलं होतं, कारण काही सांगितलं नव्हतं.

माझं सगळं तेच चाललंय. बस कंपनीची हरवलेल्या सामानाची खिडकी आणि मी. परवा कुणाची तरी कवळी आली, वर-खाली दोन्ही. आम्ही सगळ्यांनी विचार केला, हा माणूस बसमधून उतरल्यावर कोणाशीच बोलला नसेल का?

दादाला माझा नमस्कार वाचून दाखव.

चिमी


१९ मार्च

चिमे,

तू मला अर्धंच सांगितलंस.

तुझं पत्र आलं आणि मला हत्तीचं बळ आलं. ज्याला त्याला सांगत सुटले, ह्यांना फायटिंग चान्स आहे, म्हणजे नक्की बरे होणार. समोरच्या काकांना सांगितलं. पडद्यांची मापं द्यायला आलेल्या बाईंना सांगितलं. ह्यांना बोलायला शिकवायला एक मुलगी येते, त्यातलंच शिकलेली आहे, वयाने लेकीसारखी. तिलाही सांगितलं. ती ह्यांना चित्रं दाखवत होती. कप. ‘फायटिंग चान्स.’ किल्ली. ‘फायटिंग चान्स.’ मी म्हटलं, बघ कसं ठणकावून सांगताहेत!

ती हसली नाही. निघताना दाराशी थांबली आणि म्हणाली, “काकू, त्याचा अर्थ नक्की असा नाही होत. अवघड आहे, असा होतो. पण अशक्य नाही. जीव तोडून लढलं तर कदाचित जमेल.”

“कदाचित?”

“कदाचित,” ती म्हणाली.

ती गेल्यावर मी चपलांच्या कपाटावर बसून राहिले. लोकांना काय काय सांगून बसले होते मी!

तिनेच विचारलं होतं, हेच शब्द का, आले कुठून? म्हणून ह्यांना तपासणीला नेलं तेव्हा वॉर्डातल्या नर्सबाईंना गाठलं. त्या आधी आढेवेढे घेत राहिल्या. मग म्हणाल्या, ह्यांना आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर शिकाऊ डॉक्टरांना घेऊन आले होते. पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून इंग्रजीत चर्चा चालली होती. ह्यांचे डोळे मिटलेले. सगळ्यांना वाटलं, पेशंट शुद्धीवर नाही. मोठ्या डॉक्टरांनी पोरांना सांगितलेलं वाक्य आहे ते.

म्हणजे ह्यांनी ऐकलं होतं, चिमे. आणि जन्मभर केलं तेच केलं, डिक्टेशन घेतलं. बाकी सगळं वाहून गेलं, तेवढं हाताला लागलं.

घरी आल्यावर मी विचारलं, “अहो, त्या डॉक्टरांचं ऐकलंत ना तुम्ही?” टेबलावर दोन टिचक्या मारल्या. हल्ली आमची ही खूण आहे. दोन म्हणजे बरोबर, एक म्हणजे चूक.

तू चांगल्या मनाने केलंस, कळतं मला. पण मी पडदे शिवत असले तरी मला पडद्याआड ठेवू नकोस.

वहिनी


९ एप्रिल

वहिनी,

कान पकडले. तू तिथे एकटी, त्याला उठवतेस, बसवतेस, आणि मी इथे बसून तुला दुसरं काय देऊ शकत होते? म्हणून शब्दाला जरा साखर लावली. आता खरं लिहिते.

आमच्या खिडकीवर कोणी काळी छत्री हरवली म्हणून आलं की माझ्या शेजारची म्हणते, ‘इट्स अ लाँग शॉट.’ गर्दीची बस, काळी छत्री, कोण आणून देणार? मिळाली तर नशीब. त्यात माणसाने करण्यासारखं काही नसतं. पण कोणी बस कुठली, कुठल्या बाजूच्या बाकावर बसलो, बॅगेची चेन कशी तुटकी आहे, सगळं नीट सांगतं, आणि रोज येऊन विचारायची त्याची तयारी असते. त्याला ती म्हणते, ‘यू हॅव अ फायटिंग चान्स.’ मिळेलच असं नाही. पण धडपडीला अर्थ आहे. त्या मुलीने तुला बरोबर सांगितलं, माझ्यापेक्षा बरोबर.

म्हणजे डॉक्टरांनी दादाला छत्रीत नाही काढलं, एवढं तरी धर.

मला यायचंय. पण मोठी रजा एकदाच मिळते, आणि आत्ता आले आणि तो फोनच्या वेळेसारखा भिंतीकडे वळला तर? आई-बाबांच्या मागे त्यानेच मला वाढवलं. कोर्टातून आला की चहाचा कप हातात घेऊन मला इंग्रजी डिक्टेशन घालायचा आणि तू आतून ओरडायचीस, “पोरीला आधी जेवू द्या!” त्याचा आवाज नसलेलं ते घर मला डोळ्यांसमोर आणता येत नाही.

म्हणून असं करू. दादा, ऐकतोयस ना? तू बोलायला लागलास की मी येते. सगळं नको. माझं नाव घेता आलं की वहिनीला कळवायला सांग. लगेच तिकीट काढते.

आणि वहिनी, आता तूही मला खरंच लिहायचं. ठरलं?

चिमी


२ जून

चिमे,

खरं लिहायचं ठरलंय, तर हे घे. मंगळवारी सकाळी मी मशीनवर बसले होते. मागून आवाज आला, “पाणी.” मला वाटलं, समोरचे काका आले. वळून बघते तर हे! स्वतःच दचकलेले, तोंडातून दुसराच कोणी बोलून गेल्यासारखे. मी धावत पाणी आणलं आणि अर्धं त्यांच्या शर्टावर सांडलं. म्हटलं, परत म्हणा. तर ‘फायटिंग चान्स.’ पण मला तेवढं पुरे झालं. दिवसभर मी कापड उलटं लावून शिवत होते आणि उसवत होते.

तुझं मागचं पत्र वाचून दाखवल्यापासून एक झालंय. शिकवणारी मुलगी आली की हे कप-किल्लीची चित्रं बाजूला सारतात आणि तुझा फोटो पुढे सरकवतात. तो, शाळेच्या गणवेशातला, दोन वेण्यांचा. ‘चि’साठी जीभ टाळूला लावायची, मग सोडायची. ती त्यांना आरशासमोर बसवते. कपाळावर घाम येतो, मानेच्या शिरा फुगतात. मी म्हणते पुरे, ते एक टिचकी मारतात. कधी कधी ‘चि’ निघतोही. पुढचं अजून नाही.

मीपण शिकतेय बरं का. कणीक मळता मळता म्हणते, ‘ही हॅज अ फायटिंग चान्स.’ दोन टिचक्या. ‘डझ ही हॅज…’ एक टिचकी. ‘डझ ही हॅव अ फायटिंग चान्स?’ दोन टिचक्या, आणि वर भुवई अशी उडवतात, की या वयात का होईना, अक्कल आली. इतकी वर्षं संसार केला, कधी एक शब्द शिकवला नाही. आता तोंड बंद आहे तर मास्तर झालेत.

वहिनी


२४ जून

वहिनी,

पत्र खिडकीवरच उघडलं. ‘पाणी’ वाचलं आणि समोर एक बाई हातमोजा हरवल्याचं सांगत होत्या, त्यांच्यासमोरच रडले. त्यांना वाटलं, मला त्यांच्या हातमोज्याचं फार वाईट वाटलं. जाताना माझेच आभार मानून गेल्या.

नोव्हेंबरची रजा मंजूर करून घेतली आहे आणि तिकीटही काढलं. नाव घेता आलं की काढते म्हणाले होते, पण आता कशाला थांबू? ‘चि’ आला म्हणजे अर्धी चिमी आलीच. नोव्हेंबरपर्यंत पुरी येईल. दादा, तुला एवढे महिने दिलेत. मला तू डिक्टेशनला एवढा वेळ कधी दिला नव्हतास!

तुझ्या इंग्रजीला माझ्याकडूनही दोन टिचक्या.

चिमी


१२ ऑगस्ट

चिमे,

उत्तराला उशीर झाला. एका हॉटेलच्या सगळ्या खोल्यांचे पडदे आलेत, नाकी नऊ आले आहेत.

ह्यांचं ठीक आहे. पलंग हलवून खिडकीशी घेतला, म्हणजे पडल्या पडल्या बाहेरचं दिसतं. जेवण मिक्सरमधून काढून चमच्याने देते, चावायचे कष्ट तेवढेच कमी. सराव सुटलेला नाही. शिकवणारी मुलगी आता रोजच येते. तुझा फोटो उशाशी आहे.

तू ठरल्याप्रमाणे नोव्हेंबरात ये. घाई करू नकोस.

पत्र वाचून दाखवलं. दोन टिचक्या.

वहिनी


३ सप्टेंबर

वहिनी,

एवढंसं पत्र! पडद्यांनी तुला गिळून टाकलं वाटतं. पण बातम्या सगळ्या चांगल्या आहेत, म्हणून माफ. पलंग खिडकीशी आणलात ते बेस झालं, मी लहानपणापासून सांगत होते, वारा तिथेच येतो. आणि शिकवणारी मुलगी रोज यायला लागली म्हणजे गाडी रुळावर आली म्हणायची.

मी त्याच्यासाठी जाड दांड्याची पेनं घेऊन ठेवलीत, डाव्या हाताने लिहिणाऱ्यांसाठी असतात ती. शॉर्टहँड डाव्या हातानेही येत असेल का गं? तुला काय आणू? खरं सांग, नाहीतर परत डबे आणीन.

उत्तर लवकर दे.

चिमी


२१ ऑक्टोबर

वहिनी,

समोरच्या काकांचा फोन आला तेव्हा मी माळ्यावरून बॅग काढत होते. दादा गेला, म्हणाले. मग माझं सांत्वन करायला म्हणून पुढे म्हणाले, “सुटला बिचारा. जुलैच्या दुसऱ्या झटक्यापासून फार हाल झाले. गिळतासुद्धा येत नव्हतं.”

जुलै! ऑगस्टचं तुझं पत्र माझ्यासमोर उघडं आहे. पलंग खिडकीशी घेतला, म्हणे. तो खुर्चीपर्यंत येऊ शकत नव्हता म्हणून घेतलास. चावायचे कष्ट, म्हणे. आणि मी मूर्ख, गाडी रुळावर आली म्हणून नाचत होते, पेनं विकत घेत होते. ‘घाई करू नकोस’ हे तू कुठल्या हाताने लिहिलंस?

मी तुला एकदा अर्धं सांगितलं, तर तू मला केवढं सुनावलं होतंस. आणि तू? जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. कधीही आले असते मी. रजा नसती मिळाली तर नोकरी सोडून आले असते.

काकांनी तुझ्याकडे फोन दिला तेव्हा मी ठेवून दिला. मुद्दाम ठेवला. तिकीट रद्द केलंय. कोणासाठी येऊ?

उत्तर देऊ नकोस.


११ डिसेंबर

चिमे,

उत्तर देऊ नकोस म्हणालीस म्हणून इतके दिवस गप्प बसले. आता देते. मी मोठी आहे तुझ्यापेक्षा, तेवढा अधिकार माझा.

कोणाला वाचून न दाखवता टाकलेलं हे माझं पहिलंच पत्र. एवढ्यावरून तुला निम्मं कळेल.

जुलैत सकाळी तोंड धुताना दुसरा झटका आला. मोठा नव्हता म्हणाले, पण मोडक्या छपराला झुळूकही पुरते. पाय गेले, गिळणं गेलं, ‘पाणी’ गेलं. ते दोन शब्द तेवढे राहिले, तेही घोगरे. घरी आणल्यावर शिकवणारी मुलगी आली, तर ह्यांनी बोट केलं ते तुझ्या फोटोकडे. ती माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मी म्हटलं, घे सराव.

आता मला सांग, मी तुला काय लिहिणार होते? तुझं येणारं पत्र ते ऐकायचे, माझं जाणारं पत्र ते ऐकायचे. ‘लगेच निघून ये’ असं लिहायचं आणि त्यांना वाचून दाखवायचं, म्हणजे तोंडावर सांगायचं की बस झालं, आता तुम्हाला नाही जमणार, चिमी निरोपाला येतेय. बोलायला लागला की येते, असं तू लिहिलं होतंस. ते त्यावर उभे होते, चिमे. पाय गेले तरी त्याच्यावर उभे होते.

चोरून लिहिता आलं असतं. दोनदा मशीनच्या खोलीत कागद घेऊन बसले. दोन्ही वेळा पलीकडून ‘चि… चि…’ ऐकू यायला लागलं आणि मी कागद सारून पडद्याला हात घातला. त्यांना वाटलं असतं, आवाज नाही मशीनचा, काय करतेय ही? तुझा यायचा हक्क होता, तो मी तुला दिला नाही. त्याचा राग खुशाल धर. पण तुला फसवायला मी बसले नव्हते. त्यांचा धीर राखायला बसले होते, त्यात तू भरडली गेलीस.

ऑक्टोबरात ताप आला आणि छातीत उतरला. परत तेच हॉस्पिटल, तेच मोठे डॉक्टर. पलंगाच्या पलीकडे उभे राहून दुसऱ्या डॉक्टरांशी इंग्रजीत बोलायला लागले. मी अलीकडे, ह्यांचा डावा हात माझ्या हातात. त्यांच्या बोलण्यातलं अक्षरही कळत नव्हतं. पण माझ्याजवळ एक वाक्य होतं. ह्यांनीच बसवून घेतलेलं. तेच म्हटलं,

“डॉक्टर, डझ ही हॅव अ फायटिंग चान्स?”

दोघंही थांबले. मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढला आणि इंग्रजीतच उत्तर दिलं. “नो. आय ॲम सॉरी.”

उभ्या जन्मात मी इंग्रजीत एकच प्रश्न विचारला, आणि त्याचं उत्तर समजावून घ्यायला मला कोणाकडे जावं लागलं नाही.

मग एकदम लक्षात आलं. ह्यांचे डोळे मिटलेले होते, कान नव्हते मिटलेले! आधीही असंच झालं होतं ना? मी वाकले आणि कानाशी म्हटलं, “अहो, ते पलीकडच्या पेशंटबद्दल बोलत होते हं.”

पटलं की नाही, देव जाणे. सगळा जन्म कोर्टात गेला त्यांचा, खोटी साक्ष त्यांना लगेच ओळखू यायची. त्यांचं बोट माझ्या हातावर हललं. एकदा. एकच टिचकी मारली, की दुसरी मारायची ताकद राहिली नाही, ते मला सांगता येत नाही. रोज विचार करते, पण नाही सांगता येत.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेले.

तू फोन ठेवलास ते बरं केलंस. मला तेव्हा बोलता आलं नसतं.

वहिनी


२ जानेवारी

वहिनी,

तुझं पत्र कामावर नेलं, जेवणाच्या सुट्टीत वाचलं, घरी आणलं, परत वाचलं. शेजारची विचारत होती, काय हरवलंय. मी म्हटलं, माझंच आहे, खिडकीवर मिळणारं नाही.

बोलायला लागलास की येते, हे मी त्याला हुरूप यावा म्हणून नव्हतं लिहिलं गं. मला भीती वाटत होती. त्याला तसं बघायची. म्हणून अट घातली, आणि तो वेडा ती पुरी करत बसला. हे मला त्याच्या जाण्याच्या आधीपासून माहीत होतं. तुझ्यावर ओरडले कारण ओरडायला दुसरं कोणी राहिलं नव्हतं.

एकच विचारते. आता कोणी ऐकत नाहीये, खरं सांग. त्याने माझं नाव घेतलं का? एकदा तरी?

माझी रजा तशीच पडून आहे. मार्चमध्ये येऊ का? म्हणजे, तुला चालेल का?

चिमी


१९ जानेवारी

चिमे,

नाही. नाव नाही घेता आलं त्यांना. ‘चि’पर्यंत यायचे, आणि पुढे दार बंद असल्यासारखे थांबायचे. घेतलं होतं म्हणून मला सांगता आलं असतं, तू एवढ्या लांब, कोण पडताळायला येतंय? पण खरं लिहायचं ठरलं होतं आपलं, आणि ते मी एकदा मोडलंय.

मात्र त्या अटीपायी झुरत बसू नकोस. रिटायर झाल्यापासून सकाळी उठून करायला ह्यांना काही काम नव्हतं. पेपर वाचायचे, परत तोच पेपर वाचायचे. तुझ्या नावाने त्यांना काम दिलं. आरसा पुसून ठेवला नाही तर माझ्यावर डोळे वटारायचे. भीतीने दिलंस की मायेने, त्यांना त्याच्याशी काय करायचंय? त्यांनी ते मन लावून केलं.

मार्चमध्ये ये. चालेल का म्हणून काय विचारतेस, माहेर आहे तुझं. डबे आणू नकोस. ती पेनं आण, शिकवणाऱ्या मुलीकडे दुसरे एक आजोबा आहेत, त्यांना होतील.

एक आधीच सांगून ठेवते. इतके महिने या घरात मी एकटीच बोलत होते. प्रश्न मी विचारायचा, जरा थांबायचं, आणि उत्तरही मीच द्यायचं. ती खोड अजून गेलेली नाही. परवा समोरचे काका चौकशीला आले. मी म्हटलं, “बसा, चहा घेणार?” आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत मीच म्हटलं, “नको ना? बरं, राहू दे.” बिचारे उठून गेले.

तू आलीस की तुझंही तेच होईल. तुझ्या वाटणीचंसुद्धा मीच बोलून टाकीन, आणि मला कळायचंही नाही. तेव्हा संकोच करू नकोस. मला मध्येच तोड. मला टोकत जा.

तुझी
वहिनी